बिनतळघराचा नकाशा

इंदूरच्या जुन्या वस्तीतील तो वाडा १९७८ साली भावाभावांच्या संमतीने विकला गेला. चौघांपैकी थोरल्याच्या वाट्याला काही रक्कम आली, दोन पितळी समया आल्या आणि आई आल्या. धाकटे तिघे नोकरीनिमित्त परगावी भाड्याच्या घरांत राहत होते. थोरले मात्र गावातच एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवीत असत. शहराबाहेर, जेथे पूर्वी गव्हाची आणि कापसाची शेते होती, तेथे नव्या वसाहतीची आखणी चालली होती. तेथील ४० फूट रुंद आणि ६० फूट लांब असा एक भूखंड त्यांनी घेतला, आणि १९७९ च्या उन्हाळी सुट्टीत आलेखाच्या कागदांची एक वही, दोन पेन्सिली व खोडरबर घेऊन ते स्वतःच घराचा नकाशा काढावयास बसले. नगर निगमात दाखल करावयाचा निळा नकाशा ओव्हरसियर काढून देणारच होता. परंतु कोणती खोली कोणाची, हे ओव्हरसियरने ठरवावे हे त्यांच्या मनास पटेना.

जमीन विकत घेतली म्हणजे ती सगळीच आपली होत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले. पुढे १५ फूट, मागे १० फूट आणि दोन्ही अंगांना पाच-पाच फूट मोकळे सोडावयाचे, असा वसाहतीचा नियम होता. उरली ३० फूट रुंद व ३५ फूट लांब अशी जागा, म्हणजे १०५० चौरस फूट. त्यातून विटांच्या भिंतींनीच सुमारे सव्वाशे चौरस फूट खाल्ले. जिन्याने आणखी ६५. मजल्याची उंची साडेदहा फूट धरली आणि पायरी सात इंचांची केली, तर १८ चढ होतात. मध्ये वळणाचा चौथरा घेऊन ते दोन भागांत बसवले तरी जिना कोणाच्या दयेने आखडत नाही. वाड्यातला जिना अडीच फूट जाडीच्या भिंतीच्या पोटातून वर जात असे, त्यामुळे त्याला वेगळी जागा लागते ही गोष्टच घरातल्या कोणाच्या ध्यानात आलेली नव्हती.

वाड्याला तळघर होते. माजघराच्या कोपऱ्यात फळ्यांचे झाकण होते, ते उचलले की नऊ फूट खाली जाणाऱ्या दगडी पायऱ्या लागत. खाली अंगणाच्या पातळीवर उघडणारा एक झरोका होता आणि त्यातून दुपारी हातभर उन्हाचा पट्टा आत येई. वाड्याच्या आठवणीने म्हणा किंवा मे महिन्याच्या उकाड्याने म्हणा, पहिल्या कच्च्या नकाशात प्राध्यापकांनी बैठकीच्या खाली तुटक रेषांनी एक चौकोन काढला होता. ओव्हरसियरने तो पाहिला आणि हसून म्हटले, “तलघर की बात छोड़िए, साहब. यह काली मिट्टी है.”

त्याचे म्हणणे खरे होते. माळव्यातील काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर काठी जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंती तडकतात. तिच्यात तळघर खणले तर फुगणारी माती भिंतींना आडवी रेटते आणि पाणी झिरपत राहते. ते अडवायचे तर सिमेंट हवे, आणि सिमेंट त्या काळी परवान्यावर मिळत असे. जुना वाडा मुरमाच्या उंचवट्यावर उभा होता, म्हणून त्याला ते शक्य झाले. या जमिनीत पाया घेण्याची नवी रीत रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने विकसित केली होती, आणि ओव्हरसियरला ती ठाऊक होती. हाताने फिरवायच्या गिरमिटाने एक फूट व्यासाची भोके साडेअकरा फूट खोल पाडावयाची, तळाशी आतल्या आत माती कोरून अडीच फुटांचा फुगवटा करावयाचा, आणि त्यात सळया व काँक्रीट ओतून खांब तयार करावयाचे. एवढ्या खोलीवर मातीतला ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही, म्हणून खांबाचा पायथा हलत नाही. म्हणजे ज्या घराला तळघर मिळणार नव्हते, त्याचे पाय वाड्याच्या तळघराहून अडीच फूट खोल जाणार होते. ओव्हरसियरला यात काही विशेष वाटले नाही. प्राध्यापकांनी मात्र तो आकडा वहीच्या समासात लिहून ठेवला.

तुटक रेषांचा चौकोन खोडला गेला, आणि खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. वाड्यातील तळघरात काय काय होते याची यादी त्यांनी केली. वर्षाचा गहू, सहा माणसांना सहा क्विंटल लागे, तो एप्रिल-मे महिन्यात कडक उन्हे देऊन कडुनिंबाच्या पाल्यासह कोठ्यांत भरला जाई. जळाऊ लाकडे, गोवऱ्या. लग्नाकार्यातील तांब्याची पातेली आणि दोन हंडे. गौरींचे मुखवटे व गणपतीची मखर. चार पिढ्या वापरलेला पाळणा. वडिलांनी सांभाळलेली, त्यांच्याही आजोबांची मोडीतील खतावणी; ती वाचू शकणारे घरात आता कोणीही उरलेले नव्हते. मोडकी घड्याळे, एका पायाचा चौरंग, कोणाचे ते न आठवणारे शिसवी पलंगाचे खूर. वाड्यात असताना यांपैकी एकाही वस्तूसंबंधी कोणाला निर्णय घ्यावा लागला नव्हता. नकोशी झालेली, पण टाकून देववत नाही अशी प्रत्येक वस्तू फळ्यांच्या झाकणाखाली जाई आणि घर पुढे चालू लागे.

अध्यापनाच्या सवयीने त्यांना येथे फ्रेंच तत्त्वचिंतक गास्ताँ बाशलार आठवला. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९६४ साली इंग्रजीत आलेल्या आपल्या ग्रंथात त्याने तळघरापासून माळ्यापर्यंतच्या उभ्या घराचा विचार केला आहे. माळा हा त्याच्या मते विवेकाचा, तर तळघर हा अंधाराचा आणि अबोध मनाचा प्रदेश. पॅरिसमधील एकावर एक रचलेल्या खोक्यांत राहणाऱ्यांना घरच नाही, अशी त्याची खंत आहे. प्राध्यापकांनी हा विचार वर्गात अनेकदा शिकवला होता. माळव्यातील काळ्या मातीवर तो कितपत लागू पडतो, याचा विचार करण्याची पाळी मात्र आता आली. अर्थात बाशलारला ३० गुणिले ३५ फुटांत सहा माणसे बसवावयाची नव्हती.

त्यांनी एकूण सात नकाशे काढले. पहिल्या तिघांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. नात्यातल्या एका जाणकाराने देवघर ईशान्येस व चूल आग्नेयेस हवी असे बजावले, ते साधले. जोते दोन फूट उंच घ्यावे असे ओव्हरसियर म्हणाला, कारण आतली काळी माती काढून मुरूम भरावयाचा होता. दोन फूट म्हणजे सहा इंचांच्या चार पायऱ्या, आणि आईंचे गुडघे दुखत असल्याने पायऱ्यांना लोखंडी कठडा आला. चौथ्या नकाशात घर जमले असे सर्वांना वाटले. पुढे ओटी, मग १२ गुणिले १४ ची बैठक, मागे स्वयंपाकघर व जेवणाची जागा, बाजूला एक निजण्याची खोली, वरच्या मजल्यावर मुलांच्या दोन खोल्या. तळघरातील सामानासाठी १० गुणिले ८ फुटांचे कोठीघर. जिन्याच्या वळणाखाली पाच फुटांहून किंचित कमी उंचीची पोकळी मिळाली, तेथे ट्रंका. आईंना जिना चढवत नसल्यामुळे त्यांची १० गुणिले ९ ची खोली बैठक आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये, अगदी घराच्या काळजात. तिला एक दार बैठकीकडे व एक दार स्वयंपाकघराकडे. वेगळा बोळ काढावा लागला नाही याबद्दल ओव्हरसियरने प्राध्यापकांचे कौतुक केले. बोळात गेलेली जागा म्हणजे फुकट गेलेली जागा, असे त्याचे शास्त्र होते.

तो नकाशा आईंना दाखवण्यात आला. सदुसष्टीच्या त्या बाईंना नकाशा वाचता येईल की नाही, याची सुनेला शंका होती. आईंनी चष्मा लावला, मुलाच्या बोटामागून ओटीवरून बैठकीत गेल्या, आपल्या खोलीत थांबल्या आणि तेथून पुढे स्वयंपाकघरात.

“स्वयंपाकघरात जायला दुसरी वाट कुठली?” त्यांनी विचारले.

“दुसरी कशाला हवी, आई? तुझ्या खोलीतूनच जायचं. सगळ्यांचं येणं-जाणं राहील, तुला एकटं वाटणार नाही.”

आई काही वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “एकच दार ठेव रे. आणि त्याला आतून कडी लाव.”

सून लगेच म्हणाल्या, “आई, रात्री-अपरात्री तुम्हाला काही झालं तर दार फोडायचं का आम्ही?” बोलण्यात राग नव्हता, भीती होती. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात दोन वर्षे रात्रीची जागरणे त्यांनीच केली होती. प्राध्यापकांनाही कडीची मागणी विचित्र वाटली. घराच्या मध्यावरची, सर्वांत जवळची, सर्वांत सोयीची खोली आपण दिली आणि तिच्यातून माणसांनाच वगळावयाचे, यात आपल्या प्रेमाचा कोठेतरी अव्हेर झाला असे वाटून त्यांनी वही मिटली.

त्यांना आठवण झाली ती दुसऱ्या दिवशी, यादीतील गव्हाच्या नोंदीवर पेन्सिल टेकलेली असताना. १९४४ च्या पावसाळ्यात त्यांची चार वर्षांची बहीण विषमज्वराने गेली. ते स्वतः तेव्हा नऊ वर्षांचे होते. वाड्यात २२ माणसे होती. माजघरात, ओसरीवर, परसात, विहिरीपाशी सतत कोणी ना कोणी असे, आणि बारावा-तेरावा उरकल्यावर सुनेने रडत बसावे अशी त्या घरची पद्धत नव्हती. त्या महिन्यात आई रोज दुपारी गहू निवडावयास तळघरात उतरत. सूप घेऊन जात, फळ्यांचे झाकण आतून ओढून घेत आणि चहाच्या वेळेस वर येत. एकदा आजीने ते सूप पाहिले व म्हटले, “एवढ्या वेळात एवढेच?” आईंनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा सूप घेऊन खाली गेल्या. हे पुढे किती वर्षे चालले, हे मुलाला सांगता आले नसते. कॉलेजात जाईपर्यंत आई दुपारी तळघरात असतात हे त्याने गृहीत धरलेले होते, आणि घरातल्या इतरांनीही. तळघरातील वस्तूंची यादी करताना त्यांनी गहू लिहिला होता, सूपही लिहिले होते.

पाचव्या व सहाव्या नकाशांत त्यांनी ती खोली बैठकीच्या कडेस, निजण्याच्या खोलीमागे, अशी हलवून पाहिली. दोन्ही वेळा न्हाणीघर लांब गेले. अखेर सातव्यात खोली जागची हलली नाही. तिचे स्वयंपाकघराकडचे आणि बैठकीकडचे अशी दोन्ही दारे बुजवली, शेजारून तीन फूट रुंद व दहा फूट लांब असा बोळ काढला आणि खोलीचे एकमेव दार त्या बोळात उघडले. ओव्हरसियरने कपाळावर आठ्या घातल्या. ३० चौरस फूट फुकट गेले होते, आणि ते कोठीघरातून आले होते. ते आता दहा गुणिले पाच फुटांचे उरले. दोन पत्र्याच्या कोठ्या, चार फळ्या आणि मखर, यापलीकडे त्यात काही मावणार नव्हते.

म्हणून वाड्याच्या झाकणाखाली एवढी वर्षे लांबणीवर पडलेले निर्णय त्या जून महिन्यात एकामागून एक घ्यावे लागले. तांब्याची पातेली आणि हंडे एका देवस्थानाच्या भटारखान्यास गेले. पाळणा धाकट्या भावाने नेला. त्याच्या बायकोला दिवस गेले होते. घड्याळे, खूर, चौरंग भंगारवाल्याने घेतले, आणि त्याने देऊ केलेला भाव ऐकून प्राध्यापकांना जितके वाईट वाटले तितके वाडा विकताना वाटले नव्हते. मोडीतील खतावणीचे गाठोडे तेवढे त्यांच्याने सोडवेना. ते जिन्याखाली ट्रंकेत ठेवावे असे ठरले. हा निर्णय नव्हता हे त्यांना कळत होते. तळघर नसले तरी जिन्याखालची पाच फूट पोकळी माणसाला सापडतेच.

कडीचा प्रश्न सुनेने सोडवला. त्यांच्या माहेरी खेड्यात दाराच्या फळीला बोट जाईल एवढे भोक ठेवीत. त्यातून वाकडी तार घातली की आतली कडी बाहेरून उचलता येई. सुताराला तसेच दार करण्यास सांगावे, असे त्यांनी सुचवले.

“आणि ती तार कुणाजवळ राहणार?” आईंनी विचारले.

“माझ्याजवळ.”

“तुझ्याजवळ असू दे,” आई म्हणाल्या. मुलाकडे त्यांनी पाहिले नाही.

पावसाळा उलटल्यावर, दिवाळीनंतर, जमीन वाफशावर येताच गवंड्याने दोरी लावून आखणी केली. चुन्याची फक्की ओढलेल्या त्या पांढऱ्या चौकोनांकडे पाहून सुनेचा चेहरा उतरला; उघड्या आकाशाखाली प्रत्येक खोली असते त्याहून निम्मी दिसते, आणि हे गवंडी प्रत्येक मालकिणीला नव्याने समजावून सांगतो. आई रिक्षातून उतरून हळूहळू रेषांपर्यंत आल्या. मुले बैठकीतून थेट स्वयंपाकघरात, भिंती तुडवीत, धावत होती. आईंनी गवंड्याला विचारले, “दार कुठे?” त्याने काठीने दाखवले. त्या ओटीवरून बैठकीत, बैठकीतून बोळात गेल्या आणि चुन्याची रेष जेथे अडीच फूट तुटली होती तेथून आत शिरल्या. थोडा वेळ उभ्या राहिल्या. पायाशी काळ्या मातीचे एक ढेकूळ होते, ते त्यांनी पायानेच रेषेबाहेर सारले आणि सुनेला सांगितले की खिडकी जरा उंचावर घ्यायला सांग, रस्त्यावरून कोणाला आतले दिसायला नको.