पाच वाद्यं आणि एकच खुर्ची

संगीत ऐकायला बोलावलं होतं, पण आधी निघाला तो वजनकाटा. आमच्या सोसायटीतले काका रेकॉर्डवर पडणारा सुईचा भार मोजत होते. "पावणेदोन ग्रॅम, बास," म्हणत त्यांनी टर्नटेबलच्या दांड्यामागचं वजन केसभर फिरवलं. मग मऊ ब्रशने धूळ टिपली. मग दोन स्पीकरांच्या बरोबर समोर ठेवलेल्या एकुलत्या एका खुर्चीत मला बसवलं. "सरकू नकोस हं." स्वतः मात्र मागे उभे राहिले.

रेकॉर्ड होती शूबर्टच्या सी मेजर क्विंटेटची. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, दोन चेलो. रचनेचे भाग चार आणि त्यासाठी १८० ग्रॅमच्या दोन जाडजूड तबकड्या. इतका पसारा कशाला? काका म्हणाले, "एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर खाच सरकते, लेबलापाशी जेमतेम वीस-एकवीस. तेवढ्याच वेळाचा आवाज कमी जागेत कोंबला की व्हायोलिनचे वरचे स्वर चरचरतात. म्हणून ही ४५ फेऱ्यांची." म्हणजे दर भागाला उठून बाजू बदलायची. मला त्यात हौसेपेक्षा हट्टच जास्त दिसला.

पहिल्या भागात तर मी पुरता हरवलो. माझे कान ख्यालावर वाढलेले. एक गायक, मागे तंबोरे, तबल्याचा ठेका, आणि समेवर आपोआप हलणारी मान. इथे ठेका नाही, सम नाही, मुख्य कोण तेही कळेना. दोन्ही चेलोंनी मिळून एक सुरेख धून धरली. मी तिच्यामागे लागलो, तोवर ती व्हायोलिनांनी उचलली होती.

"काका, लक्ष कुणाकडे द्यायचं?"

"कुणाकडेच नको. काय कुठून येतंय, तेवढं बघ."

दुसऱ्या भागात ते जमलं. मधली तीन वाद्यं लांबलचक स्वर धरून बसली होती. डावीकडून पहिलं व्हायोलिन तुटक-तुटक काही बोलत होतं आणि उजव्या टोकाला दुसरा चेलो बोटाने तार छेडून त्याला उत्तर देत होता. डोळे मिटूनही मी दोघांच्या जागा बोटाने दाखवू शकलो असतो. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये डावा आणि उजवा आवाज खाचेच्या दोन वेगळ्या भिंतींवर कोरलेला असतो, हे काकांनी नंतर सांगितलं. खुर्ची तिथेच का, ते मात्र न सांगताच कळलं होतं.

बाजू बदलता बदलता काका शूबर्टबद्दल बोलत होते. १८२८ साली त्याने हे लिहिलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, तो गेला. प्रकाशकाला त्याची गाणी आणि पियानोच्या रचना हव्या होत्या, हे नको होतं. व्हिएन्नात ते जाहीरपणे वाजलं थेट १८५० मध्ये. म्हणजे ज्या आवाजासाठी काका सुईचा भार मोजत होते, तो शूबर्टने जाहीर मैफलीत कधी ऐकलाच नव्हता.

शेवटचा भाग नाचरा, धावता. आता संपणार म्हणेपर्यंत पाचही वाद्यं एका स्वरावर आदळली आणि खाली उतरून थांबली. मी खुर्चीत ताठ झालो. सी हा षड्ज धरला, तर वरचा स्वर चक्क कोमल रिषभ होता. अख्ख्या रचनेत मला नावानिशी ओळखता आलेली ही एकच जागा.

घरी येऊन तीच रचना मोबाइलवर लावली. हट्टाची किंमत किती, ते मला बघायचं होतं. कोमल रिषभ तिथेही तसाच अंगावर आला. त्याला ना काटा लागतो, ना ब्रश. पण दुसऱ्या भागातला तो तार छेडणारा चेलो काही केल्या सापडेना. त्याची सर्वांत खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास बोलते, आणि मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ते पेलत नाही. व्हायोलिन एकटंच बोलत राहिलं, उत्तराविना. मोबाइलवर शूबर्ट होता, पण संवादातला एक माणूस गैरहजर होता. त्याला ऐकायचं, तर काकांची खुर्ची पुन्हा मागायला हवी.