भामरागडचे मोकळे पाणी

चंद्रपूरला जुनी मंडळी अजून चांदाच म्हणतात. त्या चांद्याहून भामरागडला जाणारा रस्ता म्हणजे सागवानाच्या राज्यातून काढलेली एक लांबलचक वाट आहे. वैनगंगा ओलांडून आष्टी मागे टाकली, आल्लापल्लीला चहा घेतला, की पुढे दुतर्फा रान आणि मधूनच एखादे माडिया गोंडांचे गाव एवढीच काय ती सोबत. बाबा आमटे यांनी १९७३ साली सुरू केलेला, डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वाढवलेला हेमलकसाचा लोकबिरादरी प्रकल्प लागला, की भामरागड आलेच असे समजावे.

गाव चिमुकले, पण त्याचे वैभव मोठे. पर्लकोटा आणि पामुलगौतमी या दोन नद्या येथे इंद्रावतीला येऊन मिळतात. प्रयागला तिसरी नदी श्रद्धेच्या डोळ्यांनी पाहावी लागते. येथे तिन्ही साध्या डोळ्यांना दिसतात. ओडिशातल्या कालाहंडीच्या डोंगरांत जन्मलेली इंद्रावती बस्तरातून, चित्रकोटच्या कड्यावरून उडी घेऊन येथवर येते आणि पुढे गोदावरीत विलीन होते. पलीकडचा काठ छत्तीसगडचा.

हिवाळ्याच्या सकाळी त्या काठावर उभे राहिल्यावर वाळू, खडक आणि संथ सरकणारे पाणी यांनी मन निवते. परंतु खरे सांगायचे तर तेथे काय आहे यापेक्षा काय नाही याचेच मला अप्रूप वाटले. दृष्टी पोचेपर्यंत केंदाळाचा एक गुच्छही दिसला नाही.

नागपूरचा अंबाझरी तलाव, पुण्याची मुळा-मुठा, कोल्हापूरची पंचगंगा यांच्या काठी राहणाऱ्या वाचकांना केंदाळ म्हणजे काय हे सांगायला नको. वर्तमानपत्रे त्याला जलपर्णी म्हणतात. नाव असे गोड, की एखाद्या संगीत नाटकाच्या नायिकेला शोभावे! हिंदीत ती जलकुंभी, बंगालीत कचुरीपाना. मूळची ही दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळ्या फुलांच्या मोहाने माणसाने तिला देशोदेशी नेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि तेथल्या नद्या-खाड्यांत इतकी माजली, की १९३६ साली तिच्या बंदोबस्तासाठी खास कायदा करावा लागला.

हिच्या देठांना हवेने भरलेले फुगे असतात, म्हणून ती तरंगते. एका रोपाला धुमारे फुटून पिले सुटतात आणि अनुकूल पाण्यात पंधरवड्याच्या आसपास पसारा दुप्पट होतो. बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. पाण्यावर असे झाकण बसले, की खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, डासांना मात्र निवारा मिळतो. कोळ्याचे जाळे अडकते आणि होडी चालत नाही.

मग ही भामरागडला का दिसू नये? काठावर जाळे वाळवत बसलेल्या एका वृद्धाला मी हे विचारले. तो हसून म्हणाला, “थांबल्या पान्यात जमते तो कचरा, गुर्जी. ह्या नद्या थांबतेत कुठं?”

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातले अर्धे उत्तर यात आले. केंदाळाला दोन गोष्टी लागतात : थांबलेले पाणी आणि त्यात सांडपाण्यातून उतरलेले नत्र व स्फुरद यांचे खाद्य. येथे वरच्या अंगाला अरण्य, आणि पावसाळ्यात सारे खरवडून नेणारा पूर. याच इंद्रावतीच्या काठच्या जगदलपूर शहरात राजा दलपतदेवाने बांधवलेला दलपतसागर मात्र जलकुंभीने असा भरतो, की लोकांना श्रमदानाने आणि यंत्राने तो उपसावा लागला आहे. मुलूख तोच, फरक एवढाच, की तेथे पाणी थांबलेले आहे आणि शेजारी शहर आहे.

१९८० नंतरच्या दशकात इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इंचमपल्ली येथे मोठी धरणे बांधण्याचे घाटत होते. बाबा आमट्यांनी आदिवासींना बरोबर घेऊन विरोध केला आणि ते बेत मागे पडले. लढा जंगलासाठी आणि माणसांसाठी होता. पण त्याबरोबर नदीचे वाहणेही वाचले.

अर्थात वाहत्या नदीचे मोल गावही चुकवते. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी जुन्या ठेंगण्या पुलावरून वारंवार गेले, भामरागडचा जगाशी संबंध पुन्हा पुन्हा तुटला, बाजारपेठेत पाणी शिरले. केंदाळ धुऊन नेणारा पूर दुकानातले धान्यही नेतो. म्हणून त्या मोकळ्या पाण्याचे काव्य करताना जरा जपूनच करावे.

आपल्या गावच्या तळ्याला इंद्रावतीसारखा पूर येणार नाही. मग उपाय कोणता? यंत्राने उपसणे हा एक. परंतु नाला तसाच वाहत राहिला तर ते ‘रोग म्हशीला आणि औषध पखालीला’ असे होते. दुसरा उपाय किड्यांचा. केंदाळ खाणारे सोंडकिडे परदेशातून आणून १९८३ च्या सुमारास बंगळूरकडे सोडण्यात आले. आपल्या सीमेलगतच्या बैतूल जिल्ह्यातील सारणीच्या जलाशयात साल्विनिया नावाचे दुसरे परदेशी तण माजले होते. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेने २०१९ नंतर तेथे इवले भुंगे सोडले आणि झाकलेले पाणी पुन्हा दिसू लागले. पण हा उपाय सावकाश चालतो. त्याला धीर लागतो.

तिसरा उपाय माणसांचा. चांद्याच्या गोंडकालीन रामाळा तलावासाठी इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अन्नत्याग सत्याग्रह केला. त्यांची मागणी केंदाळापुरती नव्हती. तलावात येणारे सांडपाणी आणि साचलेला गाळ यांचाही तीत समावेश होता. दुखणे कोठे आहे हे त्यांनी नेमके ओळखले होते.

भंडारा-गोंदियाकडे याहून पुढचे पाऊल पडले आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी मंडळींनी बांधलेल्या तेथल्या तलावांना बेशरम या झुडपाने वेढले होते. (नाव किती यथार्थ! तोडले तरी फुटते.) मनीष राजणकर आणि त्यांचे सहकारी यांनी ढिवर समाजातल्या जाणत्यांना विचारले, की पूर्वी तलावात कोणती झाडे होती, कोणता मासा कोणत्या झाडापाशी राही. मग बेशरम मुळासकट उपटले, उन्हाळ्यात तलावाची कोरडी जमीन नांगरली आणि देशी पाणवनस्पती हातांनी लावल्या. त्या चिखलात ढिवर बायाही उतरल्या. झाडे रुजली, तसे मासेही परतले.

मला यातले मर्म असे वाटते : तण काढल्यावर मोकळी झालेली जागा कोणीतरी भरावी लागते. ती आपण भरली नाही, तर आयत्या बिळावर नागोबा पुन्हा येऊन बसतोच. आणि ती भरण्याचे ज्ञान ज्याचे पोट त्या पाण्यावर आहे त्याच्यापाशीच असते. त्याला तलावावर हक्क नसेल, तर तो चिखलात कशासाठी उतरेल?

तेव्हा या दिवाळीत कोणी भामरागडला जाणार असेल तर अवश्य जावे. पाणी मोकळे असले म्हणजे कसे दिसते ते डोळे भरून पाहावे. परतल्यावर आपल्या गावच्या तळ्यावर जांभळी फुले दिसली, तर नगरपालिकेला यंत्र केव्हा येणार असे विचारण्याआधी काठाकाठाने एक फेरी मारावी आणि नाला कोठून येतो तेवढे पाहून घ्यावे.