जिभेची गांठ

वर्गांत प्रश्न विचारला असतां कांहीं मुलें हात वर करीत नाहींत. त्यांना उत्तर येत नसेल, असें आपण धरून चालतों. परंतु वीस वर्षें अध्यापन केल्यावर मला दिसून आलें आहे कीं, त्यांपैकीं कित्येकांना उत्तर येत असतें. साधत नसतो तो केवळ उच्चार. चारचौघांत हसें होण्यापेक्षां अज्ञानी ठरणें त्यांना पत्करतें. ही निवड लहान मुलास करावी लागावी, यापरतें दुःख शाळेंत दुसरें नाहीं.

वाणीचे दोष एकाच जातीचे नसतात. 'काका'ला 'ताता' म्हणणारें मूल बोबडें; पहिल्याच अक्षरावर पुन्हां पुन्हां अडखळणारें मूल तोतरें. कोणास नीट ऐकूं येत नाहीं, म्हणून बोलतां येत नाहीं. कोणास शब्द जुळवून वाक्य रचणें जड जातें. तान्ह्याचे बोबडे बोल स्वाभाविकच आहेत. 'र'सारखे वर्ण तर पुष्कळदां उशिरांच साधतात. परंतु मूल शाळेंत जाऊं लागल्यावरहि परक्यास त्याचें बोलणें कळत नसेल, तर 'मोठें झालें कीं सुधारेल' म्हणून स्वस्थ बसणें इष्ट नव्हे. वेखंड उगाळून जिभेस लावणाऱ्या आजीची माया खरी. पण त्यानें जिभेस वळण लागत नाहीं.

वळण लागतें तें शिक्षणानें, आणि त्याची सोय आपल्याच शहरांत आहे. मूकबधिर मुलांसाठीं बिशप लिओ म्युरिन यांनीं मुंबईंत १८८५ च्या सुमारास शाळा काढली. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ सालीं स्थापन झाली. नायर रुग्णालयांतहि वाचोपचार होतात. दिंडोशीहून गोरेगांव स्टेशन, व तेथून लोकलनें वांद्रें, इतकाच हा प्रवास.

दुसरीच्या वर्गांतील एका मुलाचें नांवच 'क'नें सुरू होई. कोणी नांव विचारलें कीं तो आईच्या पदराआड दडे. वाचोपचारतज्ज्ञांनीं प्रथम त्याची श्रवणपरीक्षा केली. मग आरशासमोर बसवून जिभेचें टोंक खालीं ठेवून मागचा भाग उचलावयास शिकविलें. आधीं नुसता 'क', मग 'का', 'की', मग 'काकडी', आणि शेवटीं वाक्य. घरीं रोज दहा मिनिटें आई तोच पाठ घेई. वर्ष सरण्यापूर्वीं त्यानें नव्या शिक्षिकेस आपलें नांव स्वच्छ सांगितलें. चमत्कार कांहीं नव्हता. नित्याचा अभ्यास होता.

पालकांस आणखी एक सांगावेंसें वाटतें. आमच्याकडे घरीं मराठी, चाळींत हिंदी व शाळेंत इंग्रजी अशीं मुलें पुष्कळ. अनेक भाषांमुळें वाणींत दोष येतो ही समजूत खरी नाहीं. मातृभाषा तोडूं नका. ज्या भाषेंत तुमचें हृदय बोलतें, तिच्यांतच मुलाशीं भरपूर बोला, त्यास गोष्टी सांगा.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तोतरेपणा हट्टानें किंवा भित्रेपणानें येत नाहीं. शेजारच्या बांकावरील सोबती अडखळला तर त्याचें वाक्य तुम्ही पुरें करूं नका, 'सावकाश बोल' असें बजावूं नका, त्याची नक्कल तर मुळींच करूं नका. तो काय सांगतो आहे तिकडे लक्ष द्या, आणि त्याचें बोलणें संपेपर्यंत थांबा. उच्चार सुधारणें तज्ज्ञांचें काम. ऐकून घेणें मात्र आपणां सर्वांचें आहे.