कात्रीच्या आधी

परळला पशुवैद्यकी शिकताना घोडीचा बीजांडकोश काढायची जुनी पद्धत वाचली होती. योनिमार्गातून हात घालायचा आणि साखळीच्या उपकरणाने देठ चिरडून तोडायचा. सगळं स्पर्शाच्या भरवशावर. आत रक्त सुटलं तर ते बघायची सोयच नाही. पुढे केंटकीत, लेक्सिंग्टनजवळच्या घोड्यांच्या रुग्णालयात काम करताना तेच दुर्बिणीतून पाहिलं आणि दुर्बिणीची ही पद्धत का हवी, ते पटलं.

एक तांबूस थरोब्रेड घोडी आली होती. नरासारखी वागायची, इतर घोड्यांवर धावून जायची. डाव्या बीजांडकोशात ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ. दीड दिवस चारा बंद ठेवून तिला ट्रेविसमध्ये, म्हणजे जनावर बांधायच्या चौकटीत, उभीच घेतली. डेटोमिडिन या गुंगीच्या औषधाच्या ठिबकने मान खाली आली, भकाळीत स्थानिक भूल दिली आणि तीन छोटी छिद्रं पाडून पोटात कार्बन डायऑक्साइड भरला. मॉनिटरवर आधी प्लीहा दिसली, मग वरून लोंबणारा बीजांडकोश. त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात रक्तवाहिन्या चांगल्याच फुगलेल्या. त्या पडद्यातही लांब सुईने भूल द्यावी लागते. नाहीतर चिमट्याची ओढ बसताच घोडी खाली बसू पाहते.

वाहिनी सील करणाऱ्या यंत्राच्या जबड्यात ऊतक धरलं, बटण दाबलं. पारदर्शक गुलाबी पडदा पांढरा पडला, थोडी वाफ उठली. आमच्या मुख्य सर्जन बाई लगेच कापू द्यायच्या नाहीत. शेजारी, थोडा आधीच्या पट्ट्यावर चढवून, दुसरा पट्टा; मग मधोमध काप. हे यंत्र सात मिलिमीटरपर्यंतच्या वाहिनीसाठी. गाठीमुळे त्याहून जाड झालेली असेल तर आधी दोऱ्याचा फास. वेळ जातो, पण तो जायलाच हवा.

कारण उभ्या घोडीत देठ वर राहतो आणि रक्त खाली ओघळून जातं. मॉनिटरवर चित्र स्वच्छ राहतं, हा फायदा. आणि किती गेलं ते कळत नाही, हा धोका. साडेचारशे किलोच्या घोडीत पस्तीसेक लिटर रक्त असतं. दोन-तीन लिटर पोटात साचलं तरी ती शांत उभी राहील. नाडीवर विसंबावं तर डेटोमिडिनने ती आधीच मंद केलेली, हिरड्याही त्याच औषधाने फिकट. रक्तातल्या पेशींचं प्रमाण पहिले काही तास फसवं, कारण प्लीहा आपला साठा रक्तात सोडत असते. भरवसा ठेवायचा तो देठाच्या टोकाकडे बघणाऱ्या डोळ्यांवरच.

बीजांडकोश सुटला तेव्हा टोकाशी एक लाल थेंब जमत होता. पुसला, पुन्हा जमला. मी चिमट्याने टोक धरलं, थोडं वर आणखी एकदा सील केलं. मग वायू सोडून दाब कमी केला, कारण दाबाखाली दबलेली बारीक शीर नंतर मोकळी होऊन गळू शकते. थांबून पुन्हा पाहिलं. टोक पांढरं, कोरडं. तेव्हाच छिद्र वाढवून गाठ पिशवीतून बाहेर काढली.

संध्याकाळी तिने गवताला तोंड लावलं. गाठीच्या संप्रेरकांमुळे दुसरा बीजांडकोश आक्रसला होता. तो पुन्हा कामाला लागायला सहसा सहा-आठ महिने जातात. मालकाला प्रजननासाठी पुढच्या हंगामाचंच सांगितलं.