दाणा जिवंत आहे का?

दहाव्याला गोदाकाठी पिंड ठेवून माणसं कावळ्याची वाट बघत बसतात, तेव्हा आमच्या भागातलं सगळ्यांत गंभीर तत्त्वज्ञान बोललं जातं. जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीपासून शहागड जवळ, आणि शहागडला गोदावरी. धुळे-सोलापूर महामार्गाच्या पुलावरून ट्रक धडधडत जात असतात आणि खाली काठावर भाऊबंद, सोयरे, गावकरी गप्प उभे असतात. कावळा लवकर शिवला नाही की कुणीतरी मयताच्या थोरल्या पोराला पुढं ढकलतं, "म्हण, धाकटीचं लग्न मी करून देतो." पोरगं म्हणतं. तरी कावळा येत नाही. अशा वेळी एखादा म्हातारा हळूच बोलायला लागतो. "गेला गेला म्हणतो आपण, पण गेलं ते काय? परवा हेच हात होते, हेच डोळे होते. मग कमी काय झालं?"

हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडांतून ऐकला आहे. त्यावर कुणी हसत नाही. एखादा शिकलेला तरुण मोबाईलवर वाचलेलं सांगतो, मेल्यावर एकवीस ग्रॅम वजन कमी होतं म्हणे, तोच आत्मा. या एकवीस ग्रॅमची कथा १९०७ सालची. अमेरिकेतल्या डंकन मॅकडूगल नावाच्या डॉक्टरांनी मरणाच्या दारातल्या सहा रुग्णांना तराजूवर ठेवून पाहिलं होतं. ज्या आकड्याची एवढी ख्याती झाली तो सहांपैकी एकाच रुग्णाचा. बाकीच्यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत की मापच धड घेता आलं नाही. तरी तो आकडा शंभर वर्षं ओलांडून गोदाकाठी पोचला, कारण उत्तराची भूक फार मोठी आहे. म्हाताऱ्याच्या प्रश्नाला खोट्या उत्तरापेक्षा चांगलं काहीतरी मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणि खरं तर तोच म्हातारा दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी हा प्रश्न स्वतःच्या हातांनी तपासत असतो. घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर आधी उगवण बघावी लागते. बारदान्याचा तुकडा भिजवून, पिळून ओसरीवर अंथरायचा. राशीतून हाताला येतील तसे शंभर दाणे घ्यायचे, निवडून नाही. निवडले की चाचणी खोटी पडते. दहा दाण्यांची एक ओळ, अशा दहा ओळी. वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडली की काही दाण्यांतून पांढरे शुभ्र मोड बाहेर आलेले असतात आणि काही दाणे फुगून, बुळबुळीत होऊन तसेच पडलेले असतात. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या मापानं पेरायचं. कमी भरले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी असतील तर ते बी पेरायचंच नाही.

सत्तर उगवले, हे समजतं. पण उरलेल्या तिसांचं काय? ते कधी मेले? मळणीयंत्राच्या फटक्यात, पोत्यांची थप्पी रचताना, की पावसाळी हवेत हळूहळू? आणि उगवलेले सत्तर दाणे गेले सात-आठ महिने पोत्यात होते तेव्हा ते जिवंत होते का? हलत नव्हते, वाढत नव्हते, खात नव्हते. कोरड्या दाण्याचा श्वास इतका मंद असतो की तो मापणंही अवघड. चीनमधल्या एका सुकलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेलं कमळाचं तेराशे वर्षांपूर्वीचं बी रुजल्याची नोंद १९९५ साली झाली. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्यात मिळालेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ साली पेरली, तिचं झाड झालं. दोन हजार वर्षं त्या बीत काय टिकून राहिलं होतं?

आमच्याकडे हा प्रश्न फुरसतीचा नाही. जालना हा बियाण्यांचा जिल्हा. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणं कंपनी सुरू केली, आणि त्याच कामासाठी १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पाठोपाठ कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या. इथल्या गोदामांतून बी देशभर जातं. दुसरीकडे २०२० च्या खरिपात मराठवाड्यात पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही, म्हणून हजारोंनी तक्रारी झाल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. दाणा जिवंत आहे की मेलेला, यावर इथं घरं चालतात आणि बुडतात.

सात दिवस थांबायला वेळ नसेल तर प्रयोगशाळेत एक जलद चाचणी करतात. दाणे पाण्यात भिजवून, कापून किंवा साल काढून टेट्राझोलियम नावाच्या क्षाराच्या द्रावणात ठेवायचे. द्रावण बिनरंगी असतं. पेशींचा श्वास चालू असेल तिथं हा क्षार लाल होतो, मेलेल्या पेशी पांढऱ्याच राहतात. काही तासांत निकाल. मला या चाचणीतलं एक फार मोलाचं वाटतं. सगळे दाणे पूर्ण लाल किंवा पूर्ण पांढरे निघत नाहीत. एखाद्याचं टोक लाल आणि दळाची कड पांढरी, एखाद्यावर ठिपके, एखाद्याचा नेमका अंकुराचा भागच पांढरा. मग तपासणारा माणूस नियमावली बघून ठरवतो, हा धरायचा, हा सोडायचा. म्हणजे जिवंत आणि मेलेलं यांच्यामध्ये निसर्गानं रेघ मारलेलीच नाही. रेघ आपण मारतो, कारण आपल्याला पेरणी करायची असते.

माणसाच्या बाबतीतही तेच करावं लागलं. आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला, त्यात मेंदूच्या खोडाचा मृत्यू म्हणजे मृत्यू असं मान्य केलं गेलं. छाती यंत्रावर वरखाली होत असते, हृदय चालू असतं, अंग गरम असतं. डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासतं आणि माणूस गेल्याचं लिहून देतं. नातलगांना ते पटायला किती जड जातं! त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. "अंग गरम आहे, मग गेला कसा?" हा प्रश्न जगातले मोठे तत्त्वज्ञ विचारत आले आहेत, तोच दवाखान्याच्या व्हरांड्यात एखादी माउली विचारत असते.

जीवन म्हणजे काय, याची सर्वांना मान्य अशी व्याख्या आजही विज्ञानाजवळ नाही. वाढ म्हणावं तर मिठाचा खडाही वाढतो. प्रजनन म्हणावं तर खेचर जिवंत ठरत नाही. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांनी १९४३ साली डब्लिनला याच प्रश्नावर व्याख्यानं दिली, त्यांचं पुस्तक झालं, ते वाचून पुढची पिढी जीवशास्त्राकडे वळली, जनुकांची रचना कळली, तरी मूळ प्रश्न जागचा हलला नाही. क्रेग व्हेंटर यांच्या अमेरिकेतल्या गटानं २०१६ साली एक जिवाणू जमेल तितका कातरत नेला. जगायला लागतील तेवढीच जनुकं ठेवायची, बाकीची काढून टाकायची. शेवटी ४७३ जनुकं उरली. त्यांपैकी १४९ जनुकं नेमकं काय करतात हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. काढलं तर जीव जातो किंवा धड वाढत नाही, ठेवलं तर जगतो, आणि का ते माहीत नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला वडाचं फळ फोडायला लावतो, मग आतलं बी फोडायला लावतो आणि विचारतो, काय दिसतंय? मुलगा म्हणतो, काहीच नाही. आज आपल्याला त्या बीत पुष्कळ दिसतं. तरी बाप-लेकाचं ते बोलणं जुनं झालेलं नाही.

आता म्हाताऱ्याच्या प्रश्नाची दुसरी बाजू. गेलं कुठं हे सांगता येत नसेल, तर निदान आलं कुठून? शास्त्रज्ञ ओपारिन यांनी १९२४ साली आणि हाल्डेन यांनी १९२९ साली मांडलं, की आदिम पृथ्वीवरच्या साध्या रसायनांतून जीव घडला असावा. हे हाल्डेन पुढं भारतात आले आणि इथंच राहिले, १९६४ साली भुवनेश्वरला वारले. १९५३ साली स्टॅनले मिलर यांनी शिकागोला काचेच्या उपकरणात वायू आणि वाफ भरून ठिणग्या सोडल्या आणि प्रथिनांचे घटक, म्हणजे अमिनो आम्लं, तयार झालेली दाखवली. विटा मिळाल्या. पण विटांचं घर आपोआप कसं बांधलं गेलं, हे सत्तर वर्षांनंतरही कुणाला प्रयोगशाळेत करून दाखवता आलेलं नाही.

आपल्या कोल्हापूरच्या खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी या प्रश्नाला हात घातला तो आकाशाकडून. जीवाची बीजं अवकाशातून येत असतील का? त्यांचे गुरू फ्रेड हॉयल यांचं तसं म्हणणं होतं, आणि बहुतेक शास्त्रज्ञांना ते मान्य नव्हतं. नारळीकरांनी वाद घालत बसण्यापेक्षा तपासायचं ठरवलं. हैदराबादहून २००१ साली आणि पुन्हा २००५ साली फुगा सोडला गेला. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळकांड्या त्यानं २० ते ४१ किलोमीटर उंचीवर नेल्या, तिथली हवा त्यांत कोंडली, आणि सगळं सामान हवाई छत्रीनं खाली आणलं. पुणे आणि हैदराबादच्या प्रयोगशाळांनी वेगवेगळी तपासणी केली. २००९ साली इस्रोनं जाहीर केलं की त्या हवेत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला हॉयल यांचं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं नाव दिलं. अतिनील किरण त्या आपल्या पृथ्वीवरच्या नातलग जातींपेक्षा जास्त सोसत होत्या.

वर्तमानपत्रांना इथं मोठा मथळा मिळाला असता. पण त्याच निवेदनात स्पष्ट लिहिलेलं होतं, की हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असं यावरून ठामपणे सिद्ध होत नाही. इतक्या वर्षांचा खटाटोप, आणि हाती आलेलं फळ पुढं करताना इतका संयम! नारळीकरांचं हे रूप मला त्यांच्या सिद्धांतांपेक्षाही मोठं वाटतं. २० मे २०२५ रोजी ते पुण्यात गेले. प्रश्न तसाच आहे. उद्या सिद्ध झालंच, की जीव बाहेरून आला, तरी प्रश्न फक्त दूरच्या गावी जाईल. तिथं तो कसा घडला हे विचारावंच लागेल.

आमच्या जवळ लोणार आहे. जालन्याहून मंठ्यावरून गेलं की काळ्या पाषाणात उल्कापातानं पडलेलं ते प्रचंड विवर दिसतं, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद. तळ्याचं पाणी इतकं क्षारयुक्त की त्यात मासे जगत नसत. तरी २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं, आणि पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं तेव्हा तो रंग खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला. जिथं आपण जीवाची आशा सोडतो तिथं तो मजेत नांदत असतो. मंगळावरही असाच काळा खडक आहे, म्हणून शास्त्रज्ञ लोणारकडे लक्ष ठेवून असतात.

पण सगळ्यांत उंच भिंत याच्याही पलीकडे आहे. बाभळीचा काटा पायात मोडला की मज्जातंतूंतून संदेश कसा जातो, मेंदूचा कुठला भाग जागा होतो, हे आज पुष्कळ कळलं आहे. दुखतं का, हे कळलेलं नाही. संदेश जाऊन पाय उचलला गेला असता, दुखण्याची गरज काय होती? मेंदूतज्ज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ साली तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी पैज लावली होती, की पंचवीस वर्षांत मेंदूतलं जाणिवेचं मूळ सापडेल. २०२३ साली न्यूयॉर्कच्या परिषदेत कॉख यांनी सर्वांसमोर हार मान्य केली आणि पैजेची वाइन चामर्स यांना दिली. इथं उत्तर मिळालं तर ते उत्तर आहे हे ओळखायचं कसं, हेच अजून आपल्याला ठाऊक नाही. लोणारच्या किंवा दाण्याच्या प्रश्नाहून हा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. दोन्हींची गल्लत करून जे सांगतात की विज्ञानाला सगळं कळलंय, आणि जे सांगतात की विज्ञानाला काहीच कळत नाही, ते दोघंही म्हाताऱ्याला फसवतात.

समर्थ रामदासांचं जांब आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. लहानपणी नारायण अंधाऱ्या जागी दडून बसला आणि आईनं विचारल्यावर विश्वाची काळजी वाहतोय म्हणाला, ही आख्यायिका इथल्या प्रत्येक पोराला कीर्तनात ऐकायला मिळते. तेच पोर वर्गात प्रश्न विचारतं तेव्हा आपण म्हणतो, पुस्तकात आहे तेवढं लिही. हे मला फार लागतं. नारायणाचं कौतुक करणाऱ्या मातीत प्रश्न विचारणाऱ्या पोराला खाली बसवलं जावं, हे बरोबर नाही.

म्हणून वडीगोद्री-अंबडकडच्या शाळांतल्या सरांना आणि बाईंना माझी एक विनंती आहे. सहली वेरूळला न्या, पैठणला न्या, पण एकदा परभणीच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेची परवानगी काढा. मुलांना टेट्राझोलियममधून काढलेले दाणे जवळून बघू द्या, लाल, पांढरे आणि मधले. त्या मधल्या दाण्याकडे बोट दाखवून एखाद्या मुलीनं विचारलं, "हा जिवंत आहे का मेलेला?" तर तिला खरं सांगा, की हे अजून कुणालाच नीट माहीत नाही, आणि तिचं नाव लक्षात ठेवा.