पाच जागांचं ऑइल

आमच्याकडे गाडीची चौकशी एकाच प्रश्नाने सुरू होते: ॲव्हरेज काय देते? मॉडेल कुठलं, कितवा मालक, टायर कसे आहेत, हे सगळं त्यानंतर. मी खरं ते सांगतो. सपाटीला दहा, घाटात आठ, आणि छोटा लिव्हर लो रेंजमध्ये टाकला की त्याहून खाली. विचारणारा गप्प होतो. त्याच्या चेहऱ्यावर जी कणव येते ती मला पटत नाही, आणि का पटत नाही हे एकदा नीट मांडावं असं पुष्कळ दिवस मनात आहे.

गाडी म्हणजे 1998 ची जिप्सी किंग. पेट्रोल, कार्बुरेटरची, कापडी हूडची. सावंतवाडीहून आंबोलीकडे जाताना सह्याद्रीच्या पायथ्याला आमची काजूची बाग आहे. डांबर संपतं तिथून पुढे जांभ्याचा चढ, मग व्हाळ, मग पुन्हा चढ. वर आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला आपला वाटा घेऊन व्हाळ खाली येतो. मे महिन्यात या वाटेने रिक्षासुद्धा जाते. जुलैत एकतर माणूस चालत जातो, नाहीतर ही गाडी जाते.

मारुतीने 1985 च्या अखेरीस जिप्सी आणली तेव्हा तिला 970 सीसीचं इंजिन आणि चार गिअर होते. 1996 मध्ये 1298 सीसीची, पाच गिअरची किंग आली. वजन एक टनाच्या आसपास, चारी चाकांवर पाटे, पुढेमागे अखंड ॲक्सल. त्या दिवसांत डिझेल स्वस्त होतं आणि खेड्यात ज्याला फोर-व्हील हवी तो डिझेलची जीप घेई. जिप्सी राहिली पोलिसांकडे, वनखात्याकडे आणि सर्वांत जास्त लष्कराकडे. लष्कराने तीस हजारांहून अधिक जिप्स्या घेतल्या, कारण ती हलकी आहे आणि पेट्रोलचं इंजिन कडाक्याच्या थंडीतही चटकन सुरू होतं. हिमालयातल्या त्या थंडीचा माझ्या कोकणातल्या खर्चाशी थेट संबंध आहे. लष्कर वापरत राहिलं म्हणून सुटे भाग बनत राहिले. सामान्य गिऱ्हाइकांसाठीचं बुकिंग 2018 च्या अखेरीस बंद झालं, तरी आजही कोल्हापुरात क्लच प्लेट मागितली की दुकानदार ‘ओरिजिनल की लोकल?’ एवढंच विचारतो. ज्या जुन्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत तिचा खर्च कितीही पैसे असले तरी करता येत नाही. ते दुःख जिप्सीवाल्याच्या वाट्याला अजून आलेलं नाही.

आधी पेट्रोलचं बोलू. 2021 च्या मे महिन्याच्या शेवटी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली आणि आमच्याकडेही ते आता शंभराच्या वरच असतं. म्हणजे सपाटीला किलोमीटरमागे दहा रुपये, घाटात तेरा. चाळीस लिटरची टाकी फुल करायला चार हजारांहून जास्त. हे आकडे मला खुपतात, पण त्यापेक्षा जास्त खुपतं ते त्या पेट्रोलच्या आत काय आहे ते. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागची ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळजवळ एकतृतीयांशाने कमी. शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि दहा टक्क्यांच्या मिश्रणाला जुळवून घेतलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज वीस टक्क्यांच्या मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घटेल, हे नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटलेलं आहे. त्यात इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. कोकणातल्या श्रावणात हवेत ओलीशिवाय दुसरं असतं तरी काय! टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप मी बदलून घेतले, कारण जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं हा विषय उद्यावर टाकण्यासारखा नाही.

आंबोली घाट चढून वर गेलं की काही वेळात ऊस सुरू होतो. कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांना इथेनॉलने हात दिला आणि त्यातून उसाचं बिल निघतं, हे मी जाणतो. मीही बागायतदार आहे. पण वीस-पंचवीस वर्षांच्या लाखो गाड्या आणि दुचाकी रस्त्यावर असताना कमी इथेनॉलचं साधं पेट्रोल प्रत्येक तालुक्यात निदान एका पंपावर वाजवी भावाने मिळायला हवं होतं. ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

आता ऑइल. मारुती आठशेला इंजिनाचं ऑइल आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदललं की काम झालं. जिप्सीत पाच जागा: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल, मागचा डिफरन्शियल. या पाच जागा सांभाळणं म्हणजेच ही गाडी सांभाळणं. व्हाळ ओलांडताना चढामुळे तापलेलं डिफरन्शियलचं घर अचानक गार पाण्यात बुडतं. आतली हवा आकसते. वरचा ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ती हवा ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढते. बाहेरून काहीच कळत नाही. गाडी पूर्वीसारखीच चालते.

गॅरेजमध्ये मिस्त्री खाली सरकतो, मागच्या डिफरन्शियलचा खालचा बोल्ट सैल करतो आणि हात बाजूला घेतो. पाणी जड, म्हणून आधी पाणी येतं, बोटभर धार. मग येतं ते ऑइल, पण सोनेरी नाही; घुसळलेल्या ताकासारखं पांढुरकं, फेसाळ. मिस्त्री त्यातलं थोडं अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन चोळतो, बोटं उजेडाकडे धरतो. लोखंडाचा कीस चमकतो का ते तो बघत असतो. बराच वेळ बघतो. मग म्हणतो, “येळार हाडलास. पिनियन वाचलो.” तो हे बोलतो तेव्हा मला जो आनंद होतो तो कुठल्याही नव्या वस्तूच्या खरेदीत मिळालेला नाही. दोन-अडीच लिटर गिअर ऑइल आणि एक सील, एवढ्यावर क्राउन-पिनियन वाचतो. दर पावसाळ्यानंतर पाचही जागा उघडायच्या, हा आमच्या घरचा नेम आहे.

टायरचा हिशेबही असाच. या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये फरक सांभाळणारा मधला डिफरन्शियल नसतो. फोर-व्हील लावली की दोन्ही ॲक्सल एकमेकांना बांधले जातात. म्हणून डांबरावर फोर-व्हील लावायची नाही, आणि म्हणून चारी टायरचा घेर सारखा हवा. खडीच्या कडेने एक टायर कापला गेला की एकटा तो बदलून भागत नाही. निदान जोडी बदलावी लागते आणि स्टेपनी त्याच मापाची लागते. जो मालक पुढे एक माप आणि मागे दुसरं चालवतो तो ते पैसे नंतर ट्रान्सफर केसमध्ये भरतो.

पुढच्या नकलचं, म्हणजे पुढचं चाक ज्या सांध्यावर वळतं त्याचंही सांगायला हवं. साठच्या आसपास वेगाला, एखाद्या खड्ड्यानंतर, स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि गाडी जवळजवळ थांबवेपर्यंत थरथरतं. ज्याने पहिल्यांदा अनुभवलं तो घाबरतो. अनेक जण आधी बॅलन्सिंग करून बघतात, मग टायर बदलतात, मग स्टिअरिंग डॅम्पर. दोष बहुतेक वेळा किंगपिनच्या बेअरिंगमध्ये असतो. ती चार लहान बेअरिंगं बदलून शिम नीट बसवल्या की थरथर जाते. हे काम सावकाशीचं आहे. नकल खोलून, जुनं ग्रीस पुसून, शिम घालून, ताण बघून, पुन्हा काढून. कार्बुरेटर नुसत्या कानाने लावणारे हातही आता तालुक्यात मोजकेच राहिले आहेत. पार्टच्या किमतीवर घासाघीस करावी, मजुरीवर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

चिखलात ब्रेक लवकर जातात. मागच्या ड्रममध्ये जांभ्याची लाल रेती शिरते आणि लायनर खाते. काजूच्या टरफलातून निघणाऱ्या तेलापासून जी भुकटी बनते ती ब्रेक आणि क्लचच्या लायनरमध्ये घर्षणासाठी वापरतात, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. ज्या बागेसाठी ही गाडी चिखल तुडवते त्या बागेच्या पिकातलं काहीतरी तिच्याच ब्रेकमध्ये झिजत असतं, हा विचार मला फार आवडतो. काजूला भाव कमी मिळालेल्या वर्षीही आवडतो.

मात्र पेट्रोल, ऑइल, टायर, ब्रेक या सगळ्यांहून मोठा खर्च गंजाचा आहे, आणि तो गाडी उभी असतानाही चालूच असतो. जमिनीचा पत्रा, काचेची चौकट, मागच्या पाट्याच्या शॅकलजवळ चॅसी. ताडोब्यात मोहर्लीच्या दारावर जिप्स्यांची रांग लागते, त्यातल्या अनेकांवर गावातल्या घरांची चूल चालते. तिथे जुलै ते सप्टेंबर जंगलाचा गाभा बंद असतो आणि त्या गाड्यांना पावसाळ्यात विसावा मिळतो. आमची नेमकी पावसात राबते. म्हणून मेमध्ये तिला उचलून खालून धुवायची, उन्हात दोन दिवस कडक वाळवायची, तारेच्या ब्रशने खरवडायची, रेड ऑक्साइड मारायचं, वर काळा थर द्यायचा. जिथे हातोडीचा आवाज बद्द येतो तिथे पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. हे काम एक वर्ष चुकवलं तर पुढच्या वर्षी दुप्पट पत्रा जातो.

सरकारी खर्चाची गोष्ट वेगळी. 1298 सीसी म्हणून थर्ड पार्टी विम्याचा हप्ता 3416 रुपये, वर जीएसटी. पीयूसी, पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग. त्याची फी पूर्वी सहाशे होती, एप्रिल 2022 पासून पाच हजार झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार. माझ्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. तिचा धूर नव्या गाडीच्या धुरापेक्षा वाईट आहे, हे मी लपवत नाही. त्यासाठी धूर कडकपणे तपासा, ब्रेक तपासा, चॅसी ठोकून बघा, नापास झाली तर रस्त्यावर येऊ देऊ नका. पण तपासणीत खरी उतरलेली, वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालणारी गाडी केवळ तिच्या वयासाठी दहा हजार देते, आणि तेवढेच दहा हजार रोज शहरभर फिरणारी, कशीबशी पास झालेली गाडीही देते. हे न्यायाला धरून नाही.

हा सगळा खर्च लोक किलोमीटरने भागतात. चार-पाच हजारांनी भागला तर उत्तर भयंकर येतं, आणि त्या चेहऱ्यांवरची कणव तिथूनच येते. मी तो किलोमीटरने भागत नाही. आमच्या व्हाळावर साकव नाही. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी तरुणपणापासून साकवाचे अर्ज केले, मोजणी झाली, खुणेचे दगड रोवले गेले, ते दगडही आता पाण्याने हलले. साकव असता तर लहान, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाडीने आम्ही खुशाल गेलो असतो. पाच जागांचं ऑइल, जोडीने बदलायचे टायर, किंगपिनची बेअरिंगं, दर मेमधला पत्रा, ही त्या न बांधलेल्या साकवाची रक्कम आहे, जी एक घर दरवर्षी हप्त्याने भरतं. जुलैत खताची पोती, गॅसचे सिलिंडर, शेजारच्या काकींना डायलिसिसला न्यायचं ते, सगळं याच गाडीतून जातं. पांढऱ्या पाटीची गाडी, भाडं घेता येत नाही आणि घ्यायचंही नाही. काकी मात्र व्हाळ आला की माझ्या आधी सांगतात, “रे झिला, फोर-व्हील घाल.” पाण्याचा रंग बघून त्यांना खोली कळते. मी लिव्हर ओढतो, दुसऱ्या गिअरमध्ये एकाच लयीत पाणी कापतो, मध्ये क्लच दाबत नाही.

पुढचं पासिंग 2028 मध्ये आहे. दहा हजार भरायचे आहेत आणि ते मी भरणार आहे. त्याआधी यंदाच्या मेमध्ये उजव्या शॅकलजवळची पट्टी कापून नवी घालायची आहे. मिस्त्रीने जाड पत्रा कोल्हापुरातून आणून ठेवायला सांगितलाय, इथला पातळ निघतो म्हणून.