बिळाच्या तोंडाशी

आमच्या घरात रात्री उशिरा ‘टक्’ असा आवाज झाला, की नवखा पाहुणा दचकतो. पहिल्यांदा अण्णाही दचकले होते. “काच तडकली काय रे? ऊठ, बघ!” म्हणून त्यांनी मला अंथरुणातून उठवले. काच शाबूत होती. आवाज होता अर्ध्या बोटाएवढ्या कोळंबीचा. ही पिस्तुल कोळंबी आपला मोठा नांगा अशा वेगाने मिटते, की पाण्यात एक बुडबुडा तयार होतो. तो कोसळला की असा बार उडतो.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. माशांशी माझा संबंध ताटापुरता. टाकीचा नाद माझ्या लेकीचा. ती पुण्याला शिकायला गेली, टाकी आणि एक जाडजूड वही माझ्या गळ्यात टाकून. बेळगावहून समुद्र पाहायचा तर चोर्ला घाट उतरावा लागतो, आणि आम्ही तिलकवाडीत तीन फुटांच्या काचेत समुद्र सांभाळतो! पाणी घरीच करायचे, लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम मीठ घालून. तेही स्वयंपाकघरातले चालत नाही, या टाक्यांसाठीचे वेगळे येते. त्याची किंमत ऐकून अण्णा म्हणाले होते, “एवढ्यात गावच्या घराची कौलं बदलून झाली असती.”

गेल्या वर्षी जूनमध्ये आई गेली आणि अण्णांना आम्ही खानापूरकडच्या गावाहून इकडे आणले. लेकीची खोली त्यांना दिली, टाकी हॉलमध्ये हलवली. अण्णा कामापुरते बोलत. जेवण झाले? झाले. गोळी घेतली? घेतली. संपले.

दसऱ्याच्या आधी मुंबईहून रात्रीच्या बसने, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून दोन गोबी आले. अंग पिवळे, त्यावर बारीक निळे ठिपके, डोळे थेट कपाळावर आणि ओठ खाली वळलेले. पेपर तपासायला बसलेला परीक्षक जणू! यांच्यात नर कोणता, मादी कोणती हे नुसते बघून सांगणे कठीण. जमले तर जोडी, नाही तर मारामारी. पहिले दोन दिवस दोघे एकमेकांसमोर जबडे वासून उभे राहत. आठव्या दिवशी सकाळी दगडाखालच्या एकाच बिळातून दोन पिवळी डोकी बाहेर डोकावत होती. हे मला अण्णांनी सांगितले. म्हणजे ते बघत होते तर!

बीळ खोदते कोळंबी. दिवसभर नांग्यांनी वाळू ढकलत बाहेर आणते, खडे-शिंपले रचून तोंड पक्के करते. गवंड्यालाही लाजवील असे काम. पण तिला दिसते फार कमी. म्हणून बाहेर येताना तिची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबी दारात राखण करतो. जरा काही हलले की शेपटी थरथरवतो, तेवढ्याने ती थबकते किंवा मागे सरते. धोका मोठा असला तर दोघेही आत. त्याला आयते घर मिळते, हिला डोळे. अण्णा खुर्ची ओढून तासन् तास हे बघत. झाडू मारायला येणाऱ्या मावशींना त्यांनी टाकीजवळ पाय न आपटण्याची ताकीद दिली.

लेकीच्या वहीत आणखी बरेच काही होते. बहुतेक गोबींत अंडी राखतो नर. जपानच्या ओकिनावाकडे एका जातीचे गोबी जोडीने राहतात. नर बिळात अंड्यांना वारा घालतो आणि मादी बिळावर प्रवाळाच्या तुकड्यांचा ढीग रचते. त्या ढिगामुळे बिळातले पाणी खेळते राहते. कोकणातल्या खाड्यांच्या चिखलात उड्या मारणारे निवटे हेही यांचेच भाऊबंद, आणि तेही बिळे करतात. अण्णांना हे वाचून दाखवले तर म्हणाले, “पुढचं वाच.”

पुढचे एक पान मात्र मीच वाचले नव्हते. ‘दगड आधी, थेट काचेवर. वाळू नंतर.’ टाकी हलवताना मी उलट केले होते. आधी वाळू पसरली आणि तिच्यावर दगड मांडले. खोदणाऱ्या कोळंबीने खालची वाळू काढली आणि डिसेंबरात एका रात्री मोठा दगड खचला. सकाळी अण्णा टाकीसमोर उभे होते. काही न बोलता त्यांनी बोट दाखवले. दगडाखालून पिवळी शेपटी दिसत होती.

दगड उचलला, मेलेला मासा काढला. चूक माझी होती, हे मी अण्णांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसरा गोबी आत कुठेतरी दडला होता. कोळंबीही दिसेना. मला वाटले, सगळेच संपले.

“ती आहे,” अण्णा म्हणाले. “तो बाहेर आल्याशिवाय ती कशी येईल? तिला दिसत नाही.”

चौथ्या दिवशी माझा तास चालू असताना फोन थरथरला. अण्णांनी कॉलेजच्या वेळेत मला कधीच फोन केला नव्हता. घाबरत वऱ्हांड्यात आलो.

“आला बाहेर,” ते म्हणाले. “ती पण आली. वाळू काढतेय.”

त्या रात्री जेवताना अण्णा आईविषयी बोलले. लग्नानंतरच्या पहिल्या पावसात घर गळत होते, ते भांडी लावत होते आणि आई कंदील धरून ‘इकडे, इकडे’ सांगत होती, असे काहीसे. मध्येच हसलेही.

हात धुताना मी विचारले, “मुंबईहून दुसरा मागवू?”

“नको,” ते म्हणाले. मग टॉवेलला हात पुसत, टाकीकडे बघत म्हणाले, “आणि मागवणारच असलास तर आधी ते दगड काढून काचेवर बसव.”